हळदीचा रंग नक्की घालवतंय कोण: एमएस्सी पार्ट टूच्या प्रोजेक्टच्या नोंदी

५ डिसेंबर २०२३

शेवटी टॉपिक फायनल झाला एकदाचा. गाइड मॅडमनी तीनच प्रश्न विचारले, करायचं काय, पैसे किती, आणि लॅबमधलं काय काय चालू आहे, आणि तिसऱ्या प्रश्नावर गाडी अडली. मला खरं तर जवसावर करायचं होतं, जवसातल्या लिग्नान नावाच्या द्रव्याचं आतड्यातले बॅक्टेरिया एन्टरोलॅक्टोन हे दुसरंच द्रव्य बनवतात ना ते, पण ते काम एकटादुकटा बॅक्टेरिया करत नाही, एक साखर काढतो, दुसरा मिथाइल काढतो, तिसरा हायड्रॉक्सिल काढतो, आणि त्यातले बरेचसे ऑक्सिजनमधे जगतच नाहीत. आपल्याकडे अनॅरोबिक चेंबर नाही. एक जुना जार आहे त्याचं झाकण बसत नाही. माणसाचा स्टूल सॅम्पल घ्यायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि ती येईपर्यंत आमची बॅच पास होऊन जाईल.

म्हणून ई. कोलाय, आतड्यातलाच पण ऑक्सिजनमधेही जगणारा बॅक्टेरिया. आणि म्हणून हळद, सांगलीत राहून दुसरं सुचणार तरी काय.

आधार म्हणून एकच पेपर पक्का आहे. २०११ मधे जपानच्या त्सुकुबा युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी माणसाच्या विष्ठेतले बॅक्टेरिया तपासले, हळदीतलं कर्क्युमिन कोण बदलतं ते बघायला, आणि सगळ्यात जोरात निघाला तो आपला ई. कोलाय. त्यातून त्यांनी एन्झाइम वेगळा काढला आणि नाव ठेवलं क्युरए. तो एनएडीपीएच (पेशीतला हायड्रोजन पुरवणारा रेणू) वापरून कर्क्युमिनला दोन टप्प्यांत हायड्रोजन जोडतो, आधी डायहायड्रो, मग टेट्राहायड्रोकर्क्युमिन. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे कर्क्युमिन पिवळंधमक आणि टेट्राहायड्रो बिनरंगाचं, म्हणजे मशीन नसलं तरी डोळ्यांनी दिसेल. पिवळं गेलं की बॅक्टेरियानं काम केलं. सोप्पं!

(हे वाक्य मुद्दाम खोडत नाहीये. पुढे वाचा.)

टायटल दिलं: ‘आतड्यातील ई. कोलाय जिवाणूंद्वारे कर्क्युमिनचे विघटन’. फॉर्म भरून ऑफिसात दिला.

११ डिसेंबर

हळद घरून आणली. बाबांच्या ओळखीचे एक जण मार्केट यार्डात आहेत त्यांच्याकडून राजापुरी हळकुंडं, अर्धा किलो. दळलेली पावडर मुद्दाम नको म्हटलं, त्यात मेटॅनिल यलो वगैरे भेसळीचा रंग असेल तर माझे बॅक्टेरिया काय खातायत तेच कळायचं नाही. तरी हळकुंडाचा चुरा पाण्यात कालवून हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकून बघितले, जांभळट गुलाबी रंग आला आणि पाणी घातलं तरी टिकला तर भेसळ. काही तसं झालं नाही. बरं वाटलं.

हॉस्टेलच्या मिक्सरनं हळकुंडासमोर हात टेकले, वास येऊन बंदच पडला, मग मेसच्या मावशींचा खलबत्ता. दोन तास कुटलं. रात्रभर अल्कोहोलमधे ठेवून गाळलं तर मस्त केशरी अर्क. पण हळदीत कर्क्युमिन असतं शंभराला तीनच्या आसपास, बाकी सगळा स्टार्च, तेल, पाणी, त्यामुळे मोजमापासाठी विकतचं कर्क्युमिन वापरायचं आणि हा अर्क नंतर टीएलसीला (प्लेटवर चढवून मिश्रणातले पदार्थ वेगळे करतात ते). विकतचंही एकटं नसतं म्हणा, त्यात तीन भावंडं असतात, कर्क्युमिन, डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी, थोरला सगळ्यात जास्त.

पाण्यात हे विरघळतच नाही. डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमधे १८.४ मिलिग्राम, ५ मिली, म्हणजे १० मिलिमोलर स्टॉक. त्यातले मिलीला २ मायक्रोलिटर टाकले की २० मायक्रोमोलर, आणि डीएमएसओही फार होत नाही.

हात अजून पिवळे आहेत. मेसमधे दोघींनी विचारलं कुणाच्या हळदीला गेली होतीस.

१४ डिसेंबर

पुण्याच्या कल्चर कलेक्शनमधून के-१२ आला, म्हणजे ई. कोलायचा लॅबमधे नेहमी वापरतात तो स्ट्रेन. हा तसा मूळचा माणसाच्या पोटातलाच, १९२२ साली कॅलिफोर्नियात घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका पेशंटच्या विष्ठेतून काढलेला, आणि तेव्हापासून शंभर वर्षं प्लेटींवर आयतं खातोय. खरा आतड्यातला म्हणायचा का हा एक प्रश्नच आहे, पण क्युरएचा जीन त्याच्याकडे आहे. आणखी एक, आतड्यात ई. कोलाय असतो शंभरात एकापेक्षाही कमी, नाव मोठं आणि वस्ती छोटी. बाकीचे सगळे ऑक्सिजनला भिणारे.

१८ डिसेंबर

झालं!!! एलबी ब्रॉथमधे (बॅक्टेरिया वाढवायचं नेहमीचं सूप) ई. कोलाय, त्यात कर्क्युमिन, रात्रभर, आणि सकाळी येऊन बघते तर पिवळेपणा गायब. म्हणजे एलबीचा स्वतःचा जो फिकट चहासारखा रंग असतो तेवढाच उरला. फोटो काढून ग्रुपवर टाकला, घरी पाठवला, आईनं अंगठा दिला. पार्टनरला म्हटलं मार्चपर्यंत कशाला, जानेवारीतच सबमिट करू.

१९ डिसेंबर

मॅडम: “कंट्रोल कुठंय?”

कंट्रोल म्हणजे बॅक्टेरिया न घातलेलं एलबी आणि कर्क्युमिन. होतं. इनक्युबेटरमधे जागा नव्हती म्हणून खिडकीतल्या रॅकवर ठेवलेलं. तेही फिकट झालेलं. मी कालच्या आनंदात नीट बघितलंच नव्हतं, म्हणजे बघितलं होतं पण मनाला पटवलं होतं की थोडं पिवळं आहे.

तेवढ्यात लॅबचे मामा काचा गोळा करायला आले, मी त्यांनाच ट्यूब दाखवली, बघा ना मामा, यात काहीच नाही तरी रंग गेला. ते म्हणाले, “अवो ताई, हळदीचा डाग उन्हात टाकला की जातोय की. माझ्या मंडळींनी इतकी लुगडी काढली तशी.”

एमएस्सीची दोन वर्षं आणि हे मला मामांकडून कळायचं. वरणाचा डाग साबणानं लाल होतो आणि उन्हात नाहीसा होतो हे मी लहानपणापासून बघितलंय, आजी शाळेचा शर्ट गच्चीवर टाकायची. कर्क्युमिन उजेडात मोडतं. पुस्तकात पण आहे, मी ते पान वाचलंय, खाली पेन्सिलीनं रेघ पण मारलीय.

२१ डिसेंबर

सगळ्या ट्यूबा ॲल्युमिनियम फॉइलमधे. कंट्रोलपण इनक्युबेटरमधे, ३७ डिग्रीला, अंधारात. आता कंट्रोलमधे रंग राहिला, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी, आणि कल्चरमधे गेला. म्हणजे उजेड सोडूनही काहीतरी आहे. जरा धीर आला.

२८ डिसेंबर

आज रात्रीची वाट न बघता दर दोन तासांनी बघितलं. आठव्या तासाला कल्चरचा रंग पिवळ्याचा फिकट पिवळा न होता आधी नारिंगी-तपकिरी झाला आणि मग उतरत गेला. हे क्युरएचं लक्षण नाही. त्यात मधे नारिंगी कुठून आलं?

पीएच पेपर लावला. साडेआठ.

एलबीमधे साखर जवळजवळ नसतेच, ट्रिप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे सगळी अमिनो ॲसिडं. ई. कोलाय तीच खातो आणि अमोनिया बाहेर सोडतो, मीडियम अल्कधर्मी होत जातं. आणि कर्क्युमिनला अल्कली अजिबात सोसत नाही. १९९७ चा एक जुना पेपर आहे, त्यात नुसत्या फॉस्फेट बफरमधे, पीएच ७.२ ला, ३७ डिग्रीला, अर्ध्या तासात ९० टक्के कर्क्युमिन गेलं, तेही एकसुद्धा बॅक्टेरिया नसताना. व्हॅनिलिन, फेरुलिक ॲसिड असे तुकडे होतात. ॲसिडिक बाजूला मात्र ते शांत बसून राहतं.

म्हणजे आपण आत्तापर्यंत दहा दिवस अमोनिया मोजतोय बहुतेक.

४ जानेवारी २०२४

खात्री करून घेतली, फार साधी गोष्ट आहे, आधीच सुचायला हवी होती. रात्रभराचं कल्चर घेतलं, सेंट्रिफ्यूज केलं, वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, म्हणजे त्यात बॅक्टेरिया एकही नाही. त्याचे दोन भाग. एक तसाच, एकात थेंब थेंब ॲसिड घालून पीएच ६.५ वर आणला. दोन्हींत कर्क्युमिन.

पहिल्यातला रंग दुपारपर्यंत गेला. दुसऱ्यातला संध्याकाळी सहालाही तसाच, लिंबू सरबतासारखा.

पार्टनर म्हणाली, “म्हणजे बॅक्टेरियानं नाही, बॅक्टेरियाच्या लघवीनं केलं.” अमोनियाचा विचार केला तर शास्त्रीयदृष्ट्या फार चुकीचं नाहीये ते.

डिसेंबरचा सगळा डेटा बाद. आईला सांगितलं नाही, तिनं तो फोटो स्टेटसला ठेवला होता.

१६ जानेवारी

मावशीकडे हळदीकुंकू. वाण म्हणून स्टीलची चाळणी मिळाली. मी मात्र तिथे बसून करंडाकडेच बघत होते, एका वाटीत हळद आणि शेजारच्या वाटीत तीच हळद, फक्त क्षार लागलेली. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीलाच चुना किंवा खार लावून करतात ना, तो लाल रंग म्हणजे माझी २८ डिसेंबरची ट्यूब. हे मी तिथे मोठ्यानं बोलले आणि मावशीच्या सासूबाई म्हणाल्या, हो मग, आम्ही घरी करायचो, त्यात लिंबूपण पिळायचो. सगळ्यांना माहीत आहे. फक्त मलाच शोध लागतायत.

२० जानेवारी

जर्नल क्लबला (पेपर वाचून सगळ्यांना समजावून सांगायचा) माझा नंबर होता. डिजॉक्सिन घेतलं, कारण तेही वनस्पतीचंच, फॉक्सग्लोव्हपासून येणारं हृदयाचं औषध, आणि ही गोष्ट सांगायला मजा येते. काही पेशंटना डोस देऊनही औषध रक्तात नीट चढायचं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या लिंडेनबाउम आणि मंडळींनी दाखवलं की या लोकांच्या आतड्यातले बॅक्टेरिया औषध निकामी करतायत, आणि त्यांना अँटिबायोटिक दिलं की रक्तातलं डिजॉक्सिन एकदम वाढतं, इतकं की ते धोक्याचं. पुढे तो बॅक्टेरिया सापडला, आत्ताचं नाव एगरथेला लेन्टा. २०१३ मधे टर्नबॉ यांच्या ग्रुपनं त्यातले जीनही पकडले आणि गंमत म्हणजे आर्जिनिन भरपूर असेल तर तो हे काम करत नाही, त्यामुळे उंदरांना जास्त प्रोटीन खायला दिलं तर औषध वाचलं. भारतातली नोंदसुद्धा आहे, दक्षिण भारतातल्या लोकांची न्यूयॉर्कवाल्यांशी तुलना केली तर आपल्याकडे हे होणारे लोक कमी निघाले.

प्रश्नोत्तरांत मॅडमनी विचारलं, तो बॅक्टेरिया डिजॉक्सिनचं नक्की काय करतो? मी म्हटलं ब्रेकडाउन करतो. म्हणाल्या बोर्डवर काढून दाखव. काढलं. लॅक्टोन रिंगमधला एक डबल बॉन्ड जातो आणि दोन हायड्रोजन बसतात. बस. बाकी सगळा रेणू जागच्या जागी.

“यात तुटलं काय?” असं विचारून त्या खाली बसल्या. मी पुढच्या स्लाइडवर गेले.

२५ जानेवारी

नवीन पद्धत. कल्चर वाढवायचं एलबीमधे, पण मग पेशी धुऊन घ्यायच्या आणि पीएच ६.५ च्या फॉस्फेट बफरमधे सोडायच्या, त्यात थोडं ग्लुकोज. पेशी वाढणार नाहीत, नुसत्या जगतील, आणि अमोनियाचा त्रास नाही. ६.५ का, तर एक म्हणजे कर्क्युमिन टिकतं आणि दुसरं म्हणजे मोठ्या आतड्याचा पीएच तसाही त्याच आसपास, सुरुवातीच्या भागात त्याहून ॲसिडिक, कारण तिथे फायबर आंबून फॅटी ॲसिडं तयार होत असतात. म्हणजे डिसेंबरमधलं माझं साडेआठ पीएचचं आतडं तसंही कुणाच्या पोटात नसतं.

कंट्रोल आता तीन: नुसता बफर, उकळत्या पाण्यात मारलेल्या पेशी, आणि अंधारात फ्रीजमधे ठेवलेली ट्यूब.

मेलेल्या पेशींच्या ट्यूबनं पुन्हा घोळ घातला. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी स्वच्छ! दोन मिनिटं पोटात गोळा, की मेलेले बॅक्टेरियापण कर्क्युमिन खातात की काय. मग ट्यूब उलटी करून तळ बघितला तर पेलेट पिवळी जर्द, डाळीच्या पिठाच्या गोळीसारखी. कर्क्युमिनला पाणी आवडत नाही, तेलकट काही दिसलं की तिथे जाऊन बसतं, आणि पेशीचं मेम्ब्रेन तेलकटच. खाल्लं नाही, नुसतं चिकटलं.

म्हणजे वरचं पाणी मोजून उपयोग नाही. पूर्ण ट्यूब, पेशींसकट, इथाइल ॲसिटेटमधे ओढून घ्यायची आणि तो थर मोजायचा.

३१ जानेवारी

लाइट गेली. इनक्युबेटर साडेपाच तास बंद. सेट फेकून दिला.

६ फेब्रुवारी

आजचा दिवस. इथाइल ॲसिटेटचा थर अगदी सुंदर निघाला, वर पिवळा, खाली ढगाळ पाणी. क्युव्हेटमधे (रंग मोजायच्या छोट्या चौकोनी नळीत) ओतला, कलरीमीटरवर लावला, ४२० ला रीडिंग, रंग जितका गडद तितका आकडा मोठा. १.०२. परत दाबलं १.१९. परत १.४. रंग वाढतोय? कर्क्युमिन तयार होतंय? बाहेर काढून उजेडात धरली तर क्युव्हेट बाहेरून ठीक आणि आतून दुधी, बोट लावलं तर बोटाला चिकटली. प्लास्टिकची क्युव्हेट. इथाइल ॲसिटेट म्हणजे नेलपॉलिश काढतात त्यातलं, पॉलिस्टायरीन विरघळवतं.

काचेच्या दोनच क्युव्हेट आहेत लॅबमधे, एकीचा कोपरा उडालाय, कपाटाची किल्ली मामांकडे, मामा जेवायला. ते येईपर्यंत ट्यूबवरची मार्करची नावंपण त्याच इथाइल ॲसिटेटनं पुसली गेली होती. कुठली जिवंत, कुठली मेलेली, काही कळेना. बारा ट्यूबा. पार्टनर काही बोलली नाही, सरळ चहा आणायला गेली.

आता पेन्सिलीनं लिहून वर सेलोटेप.

१२ फेब्रुवारी

तीन सेट पूर्ण, काचेच्या क्युव्हेटमधे. चोवीस तासांनंतर, सुरुवात १.०० च्या आसपास धरून: नुसता बफर ०.९१, मेलेल्या पेशी ०.८७, जिवंत पेशी ०.३४. बाकीचे दोन सेट याच्या आगेमागे. एकात जिवंत ०.४१ आलं पण तेव्हा पेशी कमी होत्या.

आता मी उड्या मारल्या नाहीत. पीएच बघितला, सगळीकडे ६.५ च्या खालीच, जिवंत ट्यूबमधे तर ६.१, ग्लुकोजमुळे ॲसिड झालं असणार आणि ते कर्क्युमिनला उलट बरंच आहे. उजेड नाही, अल्कली नाही, चिकटलेलंही मोजलं. तरी दोन तृतीयांश गेलं.

मॅडम म्हणाल्या, “हं.” त्यांच्याकडून हे म्हणजे खूप झालं.

१६ फेब्रुवारी

बिनग्लुकोजचा सेट लावून बघितला. जिवंत पेशी, पण उपाशी. चोवीस तासांनी ०.७२. म्हणजे जेवण नसेल तर काम मंद. हे बरोबर बसतं, कारण क्युरएला एनएडीपीएच लागतं आणि ते बनवायला पेशीला ग्लुकोज जाळावं लागतं. फुकट कोण हायड्रोजन देणार.

२२ फेब्रुवारी

टीएलसी. सिलिका प्लेट, क्लोरोफॉर्म ९५ आणि मेथॅनॉल ५. घरच्या हळकुंडाचा अर्क एका बाजूला, विकतचं कर्क्युमिन, मेलेल्या पेशींचा अर्क, जिवंत पेशींचा अर्क, आणि शेवटी टेट्राहायड्रोकर्क्युमिनचं स्टँडर्ड. हे स्टँडर्ड विकत घ्यायचं तर आमचं सगळं बजेट त्यात गेलं असतं, एक सीनियर ताई कॉस्मेटिकच्या कामात आहे, गोरं करायच्या क्रीममधे हळदीचे गुण हवेत पण पिवळेपणा नको म्हणून हेच पांढरं कर्क्युमिन घालतात, तिनं चिमूटभर पाठवलं, कुरियरमधे, टिकलीच्या पाकिटात.

प्लेट चढत असताना बघत बसण्यात एक वेगळंच सुख आहे. थेंब आधी एकच पिवळा, मग तो ताणला जातो आणि हळूहळू त्याचे तीन होतात, वरचा सगळ्यात गडद, खालचा अगदी पुसट. घरच्या हळकुंडातले तीन आणि बाटलीतले तीन एकाच रेषेत आले तेव्हा मला उगाचच अर्धा किलो हळकुंडांचा अभिमान वाटला. मेलेल्या पेशींच्या लेनमधेही तिन्ही होते. जिवंतच्या लेनमधे तिन्हींची सावली फक्त.

मग प्लेट वाळवून यूव्हीच्या पेटीत, २५४ वर. पेटीच्या फटीला डोळा लावून बघायचं. सगळी प्लेट हिरवी चमकते आणि जिथे काही असेल तिथे काळा डाग. जिवंतच्या लेनमधे एक नवा काळा डाग होता, साध्या डोळ्यांना तिथे पांढऱ्या सिलिकाशिवाय काही नाही, आणि शेजारी टेट्राहायड्रोच्या लेनमधेही अगदी त्याच उंचीवर. पट्टी लावून मोजलं. मी, मग पार्टनर, मग परत मी. मामांनापण दाखवलं, म्हणाले, “रंग गेला पण माल हाय म्हणा की.”

हेच. माल आहे. कर्क्युमिन पिवळं दिसतं कारण त्याच्या दोन टोकांच्या दोन रिंगांच्या मधे डबल बॉन्डची सलग साखळी आहे, एक आड एक. बॅक्टेरियानं त्या साखळीत चार हायड्रोजन बसवले, सलगपणा गेला, दिसणारा उजेड शोषणं बंद झालं. पदार्थ तिथेच आहे.

एका पुराव्यावर जाऊ नको म्हणून मॅडमनी मास स्पेक (रेणूचं वजन मोजतात ते) करायला सांगितलंय. जिथे करून मिळतं तिथे दर सॅम्पलमागे जो आकडा सांगितला तो ऐकून फोन ठेवला. दोनच सॅम्पल देणार.

२७ फेब्रुवारी

मॅडमचा प्रश्न: यात बॅक्टेरियाचा फायदा काय? रुटिन नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्याचं समजतं, त्याला साखर चिकटलेली असते, आतड्यातले बॅक्टेरिया ती तोडून खातात आणि उरलेलं क्वेर्सेटिन सोडून देतात किंवा दुसरं कुणीतरी पुढे त्याचे तुकडे करतं. डाळीतल्या रॅफिनोज-स्टॅकिओज या साखरांचंही समजतं, माणसाकडे ते तोडायचा एन्झाइमच नाही, त्यांना आयती मेजवानी आणि आपल्याला गॅस (वालाची उसळ, पुढचं लिहीत नाही). पण कर्क्युमिनमधून ई. कोलायला एक दाणाही मिळत नाही, उलट त्याच्याच खिशातले हायड्रोजन जातात. मी लिहिलंय की क्युरए ज्या मोठ्या एन्झाइमच्या घराण्यातला आहे ते सगळे असेच डबल बॉन्डवर हायड्रोजन चढवणारे-उतरवणारे आहेत, त्यामुळे कर्क्युमिन त्याच्या हातात सापडलं इतकंच. के-१२ च्या शंभर वर्षांत त्याला कुणी आमटी वाढली नसणार. मॅडमनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय पण खोडलं नाही.

५ मार्च

काकांचा फोन. हळदीवर करतेस ना, मग रोज किती घ्यायची, मिरी घालूनच घ्यायची ना? त्यांना बंगलोरच्या १९९८ च्या अभ्यासाचा फॉरवर्ड आलाय, मिरीतलं पिपरिन २० मिलिग्राम दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढतं. खरंच आहे तो अभ्यास. पण कर्क्युमिन मुळात रक्तात जवळजवळ चढतच नाही, तर जवळजवळ नाहीच्या वीसेक पट म्हणजे किती ते तुम्हीच बघा असं म्हटलं. स्वीडनमधे १९७८ मधे उंदरांना तोंडावाटे कर्क्युमिन दिलं तर त्यातलं ७५ टक्के लेंड्यांतून बाहेर. म्हणजे हळदीची खरी गिऱ्हाईकं मोठ्या आतड्यातच बसलीयत. काका म्हणाले, म्हणजे घेऊ की नको? मी म्हटलं आमटीत असते तेवढी घ्या.

१४ मार्च

मास स्पेकचा रिपोर्ट आला. कंट्रोलमधे ३६८ चा माल, जिवंतमधे ३७२ चा. चार हायड्रोजन, चार एकक. मधला डायहायड्रोचा ३७० पण बारीकसा दिसतोय, रस्त्यात पकडला गेल्यासारखा.

क्युरएचा जीन काढून टाकलेला ई. कोलायही मागवलाय, जपानच्या केइओ कलेक्शनमधला, ज्यात के-१२ चे एकेक करून जवळपास चार हजार जीन काढलेले स्ट्रेन आहेत. एका लॅबच्या डीप फ्रीजरमधे आहे म्हणे, “शोधून सांगतो” असं उत्तर आलं. या वर्षी होणार नाही. पुढच्या बॅचसाठी नोंद: ब्लाउशिया नावाच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाचा एक स्ट्रेन कर्क्युमिनचे मिथाइल काढतो असं कोरियात दाखवलंय, पण त्याला ऑक्सिजन चालत नाही. आधी जारचं झाकण बदलून घ्या.

१ एप्रिल

ड्राफ्ट परत आला. लाल पेनानं फार काही नाही, फक्त पहिल्या पानावर टायटलमधल्या ‘विघटन’ला गोल आणि बाजूला: ३६८ चे ३७२?

समजलं. तुटलं असतं तर वजन कमी व्हायला हवं होतं, इथे वाढलंय. वीस जानेवारीलाच बोर्डवर उभं करून विचारलं होतं त्यांनी. सगळ्यात विचित्र म्हणजे या प्रोजेक्टमधे कर्क्युमिनचं खरंखुरं विघटन झालं ते खिडकीतल्या उन्हात आणि अमोनियात, म्हणजे जे सगळं मी चूक म्हणून बाद केलं त्यात. बॅक्टेरियानं एकदाही तोडलं नाही. पार्टनर म्हणाली मग डिसेंबरचा डेटा टाकू का परत, टायटल तरी वाचेल.

मॅडम म्हणाल्या ‘विघटन’ काढ, ‘रूपांतर’ लिही.

३ एप्रिल

रजिस्टर झालेलं टायटल बदलायचं तर वेगळा अर्ज, विभागप्रमुखांची सही, गाइडची सही, चलन, आणि मग एका खिडकीत जमा. एका शब्दासाठी दोन दिवस गेले. अर्जावर ‘बदलाचे कारण’ म्हणून एकच ओळ, तीही अर्धी. मी बराच वेळ पेन धरून उभी होते, मागे रांग वाढायला लागली, शेवटी लिहिलं: ‘तुटत नसल्यामुळे.’

खिडकीतल्या बाईंनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.